वेशीवरचा निरोप

हिब्रू भाषेत 'मलाख' म्हणजे निरोप्या. त्याला माणसाने धाडलेले असो वा देवाने, शब्द एकच. आणि निरोप सांगताना त्याने धाडणाऱ्याचाच 'मी' उच्चारावा, ही तिकडची रीत.

शलोमीथ नावाच्या विधवेने एकदा वेशीवर उभे राहून सांगितले, "परमेश्वर म्हणतो, ही भूमी मी दिली, दुबळ्यांची शेते बळकावणाऱ्यांकडून मी ती काढून घेईन."

नगराधिपती यरोहाम संतापला. "स्वतःला देव म्हणवतेस? हिला दगडांनी ठेचा!"

लोकांनी दगड उचलले. ती शांतपणे म्हणाली, "स्वामी, आज सकाळी इथेच तुमचा दवंडीवाला ओरडत होता, 'मी शत्रू अम्मोन्यांना धुळीस मिळवले.' त्याने तर आयुष्यात तलवार धरलेली नाही. आधी त्याला ठेचा."

"अगं वेडे, ते शब्द माझे! त्याच्यावर हात उगारणारा माझ्यावरच हात उगारतो."

"मग हे दगड कोणावर उगारले आहेत, स्वामी?"

एकेक हात खाली आला.

त्या क्षणी नगराधिपतीला देव पटला, असे कथेकरी सांगतात. ते खरे नव्हे. त्याला काहीही पटले नव्हते. केवळ साऱ्या नगरादेखत स्वतःच सांगितलेला न्याय त्याला मागे घेता येईना.