बारा गाठींची दोरी

पूर्वी विशालपुरात सुदंत नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरावर, साल सोलणाऱ्यांच्या वस्तीत जन्मला होता. भारे घाटाखाली पोचवायचे आणि येताना मागणीची दोरी वर आणायची, एवढेच त्याचे काम. दोरीला जितक्या गाठी, तितके भारे.

त्या वर्षी नगरात पोरांना हगवणीची साथ आली. उतारा एकच, कुड्याच्या सालीचा काढा. वस्तीची मुख्य सामा बोटांखालून दोरी सरकवत गाठी मोजू लागली. चाळिसाव्या गाठीला तिचे बोट थांबले. पुढे अजून आठ होत्या.

साल उगवतीच्या अंगानेच काढायची, मावळतीचे अंग पुढच्या वर्षासाठी राखायचे, असा वस्तीचा नेम. तसे काढले तर सगळ्या राईतून वीस भारे निघत. अठ्ठेचाळीस काढायचे तर झाड चहूबाजूंनी सोलावे लागणार. आणि तसा सोललेला कुडा उभ्याउभ्या वाळून जातो. मग पुढच्या वर्षी काय, दगड सोलायचे?

सामाने मागच्या खेपांतले नऊ भारे गुहेत दडवले होते. आहेत म्हटले की सगळेच उचलून नेतात, म्हणून तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"सामाक्का, चार दिवस कोयते खाली ठेव," बोधिसत्त्व म्हणाला. "मी या दोरीच्या मागं शेवटपर्यंत जातो. पहिली गाठ कुणी मारली ते बघून येतो."

"आणि तोवर पोरं मेली तर? त्यांच्या आयांना तू तोंड दाखवणार?"

"तयार असेल ते दे, घेऊनच जातो."

"छपराखाली आहेत ते पाचच," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

तो गेला. गडी सारखे विचारत, "अक्का, सोलायचं का नाही ते एकदाचं सांग." ती राईत जाई, एकेका खोडाला हात लावी आणि तशीच परत येई. झाडे सोलली तर वस्ती उपाशी, नाही सोलली तर लोकांची पोरे जाणार. गुहेच्या बाजूला मात्र ती फिरकली नाही.

चौथ्या दिवशी बोधिसत्त्व आला. त्याच्यामागून धापा टाकीत दोघे आले, घाटाखालचा अडत्या कुंभिल आणि नगरातला श्रेष्ठी उत्तर. दोघांचे भांडण वाटेतच जुंपले होते. बोधिसत्त्वाच्या हातात एक आखूड दोरी होती.

"नगरातल्या वैद्यबुवांची दोरी ही. घरोघरची आजारी पोरं मोजून त्यांनी बारा गाठी मारल्या."

"बारा?" सामाचा आवाज चढला. "मग अठ्ठेचाळीस कुठल्या मुडद्यानं केल्या?"

"मी चोवीस केल्या," उत्तर म्हणाला. "हा कुंभिल नेहमी अर्धंच देतो. दुप्पट मागू नको तर काय करू?"

"वरून अर्धंच येतं तर मी काय माझी कातडी सोलून देऊ? म्हणून मी चोविसाच्या अठ्ठेचाळीस केल्या. अर्धं का येतं, ते विचार या बाईला!"

सगळे सामाकडे बघू लागले. पाच भारे पोचले होते, म्हणून बोधिसत्त्वाने पाच गाठी सोडल्या आणि दोरी तिच्या हाती दिली. सात उरल्या.

सामाने गुहेच्या तोंडावरचा धोंडा स्वतः ढकलला.

"नऊ आहेत. सात न्या, आणि दोन उरलेत हेही वैद्यबुवांना सांगा. मरणाची लाज वाटते मला."

"लाज मग वाटून घे अक्का, आधी भाऱ्याला हात लाव," बोधिसत्त्व म्हणाला.

त्या साथीत राईला एकही कोयता लागला नाही. पुढे वैद्याची दोरी आहे तशी डोंगरावर येऊ लागली. वाटेतल्या प्रत्येकाने आपल्या कोठारात काय आहे त्याची वेगळी दोरी शेजारी बांधायची, असे ठरले. सामाची दोरी खाली जाई. ती सगळ्यांत खरी असे.

विहारात पावसाळ्याचे तेल कमी पडले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली. "तेव्हाची सामा म्हणजे आजचा तिस्स भिक्षू. कुंभिल आणि उत्तर म्हणजे तेल पुरणार नाही या धास्तीने जादा मागणारे हे दोघे भिक्षू. दोरी आणणारा मीच होतो."

तिस्स खाली मान घालून उठला आणि खाटेखालचे तेलाचे बुधले आणून मधोमध ठेवू लागला. तीन झाले तेव्हा सगळ्यांना वाटले, संपले. पाच निघाले.

आपल्याजवळ काय आहे आणि आपल्याला किती हवे, हे भीती वाटत असतानाही खरे सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता.