ठकूआत्यानं परत मागितलेले मणी

चूक सगळ्या गावाची होती, आणि ती एका म्हातारीच्या कमरेला बांधून सगळे मोकळे झाले. कुणी बांधली, कुणी गाठ आवळली, कुणी नुसतं बघत उभं राहिलं, ते कुणीच सांगत नाही. नावं विचारली की लोक नदीकडे बघतात.

तर ऐका. नदीवर पूल नव्हता, पैलतीरी जायला होडीच लागायची, तेव्हाची ही गोष्ट. कुरणडोह नावाचं भोयांचं गाव होतं. गाव मासे धरायचं आणि मासळीवर जगायचं. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असत, त्यांच्या वजनानं जाळं तळाशी बसे. हे मणी गावातली म्हातारी ठकूआत्या ओतायची. घरातल्याच चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, मातीच्या साच्यात सोडायचं, गार झालं की दोऱ्यात ओवायचं. आत्याच्या मण्यांचं जाळं कधी रिकामं वर आलं नाही, असं म्हणतात.

गावाची एक रीत होती. मूल सहा महिन्यांचं झालं, हिरड्या शिवशिवायला लागल्या, की आत्याकडून नवा मणी आणून त्याच्या गळ्यात बांधायचा. बाळ तो दिवसभर चघळायचं. शिसं मऊ असतं. पहिला दात आला की त्याची खूण मण्यावर उठायची. ती बघायला शेजारणी जमायच्या, गूळ वाटला जायचा, आणि खुणेचा मणी आई जन्मभर जपून ठेवायची. ज्याच्या तोंडी शिसं, त्याला नदी वाहून नेत नाही, अशी समजूत होती.

आणि खरंच, कुरणडोहची मुलं वाहून जात नव्हती. ती काठावरच बसून राहायची. पोटात कळ आली की गुडघे छातीशी घ्यायची. चेहरे पांढुरके दिसायचे. जाळ्याची गाठ दहा वेळा दाखवली तरी अकराव्या वेळी विसरायची. काही उशिरा बोलायची, काही बोलायचीच नाहीत, काही उगाच चिडून हातातलं फेकायची. गाव म्हणायचं, नदीनं देह सोडला पण बुद्धी ठेवून घेतली. मग नदीला नारळ वाहायचे आणि पुढच्या बाळासाठी आत्याच्या दारात नव्या मण्याला उभं राहायचं.

अशात यसूला जुळे मुलगे झाले, गेनू आणि सोपान. रीतीप्रमाणे एका बाळंतपणाला एकच मणी. तो मोठ्याला, म्हणजे गेनूला मिळाला. एकाचा उष्टा मणी दुसऱ्याच्या तोंडी गेला तर आयुष्य तुटतं म्हणायचे, म्हणून यसू डोळ्यांत तेल घालून जपायची. सोपान रडायला लागला की त्याच्या हातात ज्येष्ठमधाची काडी द्यायची.

पाच वर्षांनी सोपान होडीत उभा राहून पैलतीरावरच्या गुरांची नावं सांगायचा. गेनूला आपलं नाव सांगायला वेळ लागायचा.

ठकूआत्या दोघांना रोज बघत होती. एक आई, एक घर, एक ताट. वेगळं काय, तर तिनं ओतलेला मणी. त्या वर्षी तिची चूल थंड राहिली. तिचे हात मनगटातून लुळे पडू लागले होते, पण तिनं हातांमुळे काम थांबवलं नव्हतं. ती नदीकाठी बसून राहायची, आणि तिच्या डोळ्यांतून पडलेला थेंब दगडावर टण्णकन वाजायचा, असं म्हणतात.

तेवढ्यात यसूला तिसरं बाळ झालं. मुलगी सहा महिन्यांची झाली आणि यसू मणी मागायला आली.

"मणी नाही," आत्या म्हणाली. "ह्या पोरीला नाही आणि कुणालाच नाही. तो गेनूला भोवलाय."

"माझ्या आजीनं चघळला, बापानं चघळला. ते काय मेले?"

"मेले नाहीत. पण तुझ्या बापाला स्वतःचं जाळं तरी ओळखू येत होतं का, सांग. आम्ही मोठी माणसं रोज शिसं हाताळतो, आमचे हात जातात, पोट जातं. पण ओल्या मातीवर बोट टेकवलं तरी खूण उठते, भाजलेल्या मडक्यावर उठत नाही. लेकरू ओली माती आहे, यसू."

यसूनं मांडीवरच्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी माझ्या हातानं बांधला त्याच्या गळ्यात. तोंडातून पडला की धुऊन परत दिला. तू म्हणतेस ते खरं धरलं, तर मग मी कोण?"

आत्यानं ओचा पसरला. ती म्हणाली, "ओतला मी. म्हणजे दिलाही मीच. तू माझं नाव घे आणि मणी मला दे."

यसूनं गेनूचा मणी तिच्या ओच्यात टाकला, मुलीला काखेत घेतलं आणि मागं न बघता निघून गेली.

मग आत्या दारोदार फिरली. सगळीकडे तेच. आधी दार लागायचं. आत्या उंबऱ्यापाशी बसून राहायची. मग आतून कुणीतरी विचारायचं, "आम्ही काय जाणून दिला?" आत्या म्हणायची, "तुम्ही नाही दिला, मी दिला." एवढं ऐकलं की दार उघडायचं आणि मणी बाहेर यायचा. बघता बघता गावाला ते वाक्य पाठ झालं. आम्ही नाही, ठकीनं दिला. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर दूर सरकवू लागल्या. लेकरं खाणारी, असं तिला तोंडावर म्हणू लागले. ज्यांनी म्हटलं त्यांना खरं ठाऊक होतं. म्हणून तर ते मोठ्यानं म्हणत होते.

सगळे मणी गोळा झाले. ते नदीत टाकायचे नव्हते, ते पाणी लेकरंच पिणार होती. आत्यानं ते जाळ्यात बांधले, जाळं कमरेला आवळलं आणि पडीक माळाकडे निघाली. एकेक मणी ज्या मुलाचा, त्याचं नाव ती घेत होती, आणि नाव घेतलं की मणी त्या मुलाएवढा जड होत होता. तिच्या पावलांखाली काळा कातळ चिखलासारखा दबत गेला. अर्ध्या कोसाला सकाळची संध्याकाळ झाली. सगळं गाव घरांच्या सावलीत उभं होतं. एकानंही पुढे होऊन जाळ्याचं टोक उचललं नाही. फक्त गेनू तिच्या मागून चालत गेला, तोही कशासाठी चाललोय ते न कळता.

तिनं खड्डा खणला, मणी पुरले आणि ती परत आली नाही. ती माळावरच बसली आणि दगड झाली, असं म्हणतात.

यसूच्या मुलीचे दात ज्येष्ठमधाच्या काडीवर आले. सहा वर्षांची असताना ती वडिलांच्या बरोबरीनं जाळं विणायची. ते बघून गावानं 'आम्ही नाही' म्हणायचं सोडलं. गेनूचं मात्र गेलेलं काही परत आलं नाही. म्हातारा होईपर्यंत तो आपलं नाव सांगण्याआधी थांबायचा, आणि तो थांबला की समोरचा माणूस मान खाली घालायचा.

आजही कुरणडोहच्या जाळ्यांना भाजलेल्या मातीचे मणी असतात. माघात एक दिवस जाळी टाकत नाहीत. घरटी एक माणूस माळावर जातो, त्या दगडापुढे उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "आमच्या घरानंही दिला." दुसरं काही म्हणायचं नाही. नारळ नाही, गुलाल नाही.

गेल्या माघात सुंदराकाकूंची नवी सून रांगेत कुरकुरत होती. "सासूबाई, तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता, मी तर परगावची. आपण कशाला म्हणायचं?"

काकू पदर सावरत म्हणाल्या, "नुसतं म्हणून तर बघ. पहिल्यांदा जीभ रेटत नाही. पण एकदा म्हटलं ना, की उद्या कुणी दारात येऊन आपलं चुकलंय म्हणून सांगायला लागलं, तर आधी ऐकून घेता येतं."