टिपणीस सरांचं बिरडं

“...आणि या सहा महिन्यांत नक्की काय करणार?”

टिपणीस सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाल सोलत होते. पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं, त्यात मोड आलेले वाल.

“साफसफाई, सर,” सौमित्र म्हणाला.

सौमित्र माझा नवरा. संगणकशास्त्रात पीएच.डी. करतो, हे सहावं वर्ष. सर त्याचे गाइड. लग्नानंतर त्यांनी आम्हां दोघांना जेवायला बोलावलं होतं. येताना मी पेढे घेतले, त्याने सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा फॉर्म. सोमवारी त्याची नोंदणी संपत होती. एकतर फॉर्मवर सरांची सही, नाहीतर सोमवारी प्रबंध जमा. दोन्ही नाही, तर सहा वर्षं पाण्यात.

“प्रबंध तर दिवाळीतच लिहून झाला ना रे?”

“झालाय, सर. पण चुका असतील. त्या शोधायला मी एक प्रोग्रॅम लिहितोय.”

“मग?”

“त्यात चुका आहेत.”

सरांनी आणखी एक वाल सोलला. मग माझ्याकडे वळले.

“घरी काय करतो हा?”

“छंद आहेत,” मी म्हटलं.

“कुठले?”

“दुर्बीण घ्यायचीय. आकाश अजून पाहिलं नाही, दोन वर्षं भिंगांची तुलना चाललीय. शिवाय घरी पाव भाजायचाय. पिठाचं आंबवण बरणीत असतं, त्याच्या तापमानाचा आलेख भिंतीवर.”

“आणि पाव?”

“बेकरीतून येतो.”

“मग लग्न कसं काय झालं?”

“तारीख सासूबाईंनी काढली.”

सरांनी वाटीभर वाल सौमित्रपुढे सरकवले.

“सोल. फॉर्मचं मग बघू.”

सौमित्रने एक वाल चिमटीत धरून दाबला. आतली डाळिंबी टुणकन उडाली आणि फ्रिजखाली गेली. दुसरी दुभंगली. ती त्याने बाजूला ठेवली. मग खिशातून फोन काढून घड्याळ लावलं.

जरा वेळाने म्हणाला, “सर, टोकाकडून दाबलं तर सरासरी चार सेकंद लागतात. पोटाकडून दाबलं तर तीनच, पण दुभंगायचं प्रमाण वाढतं.”

“हं.”

“आधी आकाराप्रमाणे वेगळे केले तर...”

“कर.”

तो वेगळे करत बसला. सर आणि मी सोलत बसलो. सालांना जागा उरेना, तेव्हा सरांनी इकडेतिकडे बघितलं, टेबलावरचा एक कागद पुढे ओढला आणि ओली सालं त्यावर टाकली.

“सर... तो माझा फॉर्म आहे.”

“हो का? बरा जाड आहे कागद.”

सौमित्रने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यात पाहिलं.

“किती झाले तुझे?” सरांनी विचारलं.

“अकरा. पण एकूण एक अखंड आहेत, सर.”

सरांनी त्या अकरा डाळिंब्या आमच्या ढिगात ओतल्या. कुठल्या त्याच्या आणि कुठल्या आमच्या, कळेना. घाईत काही वाल सालासकटच राहिले होते. मी ते वेचायला गेले, तर सर म्हणाले, “असू दे गं, भूक लागलीय,” आणि त्यांनी फोडणी टाकली.

बाराच्या सुमारास पानं घेतली. नारळाच्या दुधातलं बिरडं आणि गरम भात. सौमित्रने दोनदा मागून घेतलं. आमच्या घरी मागून घेत नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

“कसं झालंय?”

“सर, असं बिरडं मी आजवर खाल्लेलं नाही.”

“सोमवारी प्रबंध जमा कर.”

सौमित्रचा घास हातातच राहिला.

“पण सर... त्यात चुका राहिल्या असतील.”

सरांनी त्याच्या ताटाकडे पाहिलं. कडेला चार सालं होती. खाता खाता त्यानेच काढून ठेवलेली, ओळीत.

सरांनी डाव उचलला.

“घे, अजून थोडं घे.”