उष्टा पूल

एका नदीकाठी एक प्रांत होता आणि त्या प्रांताला एक कारभारी होता. राजानं वरून धाडलेला नव्हे बरं का. गावोगावच्या लोकांनी चावडीवर हात वर करून निवडलेला.

कशासाठी निवडला, तेही ऐका. तरुणपणी तो नदीच्या उतारावर उभा राहायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांना हाताला धरून पाण्यातून पलीकडे पोचवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. लोक म्हणाले, "हा आपला माणूस. कारभार यालाच देऊ." झालं! उतारावरचा दगडू कारभारीसाहेब झाला.

माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोला! त्यानं विहिरी खणल्या, रस्ते केले, बांधावरची भांडणं मिटवली. पण मान हा मोठा चटक लावणारा पदार्थ. आज या गावात हार, उद्या त्या गावात फेटा. होता होता गळ्यात हार नसला की कारभाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. दगडू म्हणून हाक मारणारंही कुणी उरलं नाही.

तरी एक गोष्ट त्यानं मनात घट्ट धरून ठेवली होती. नदीवर पूल बांधायचा, चांगला दगडी. त्यासाठी त्यानं दरबाराचे उंबरठे झिजवले, नाही नाही त्यांचे रुसवे काढले आणि अखेर पूल उभा राहिला. शेवटचा दगड बसला तेव्हा गडी काठावर उभा राहून लहान मुलासारखा रडला.

आणि इथेच घोटाळा झाला. त्या राज्याचा रिवाज असा, की बांधणारे-सजवणारे सोडले तर नव्या बांधकामावर पहिला पाय राजाचा. आधी दुसऱ्या कुणाचा पडला तर ते उष्टं झालं, आणि उष्ट्यावर राजा पाय ठेवत नसे. त्यातच दरबारात दिवाणाची जागा रिकामी होती. कारभाऱ्याचा चिटणीस कानाशी लागला, "साहेब, महाराज येऊन पूल पाहू देत, दिवाणपद तुमचंच. तोवर पुलावर चिटपाखरूही फिरकता कामा नये."

कारभाऱ्याला ते पटलं. त्यानं हुकूम सोडला, दोन्ही टोकांना पहारेकरी बसवले, वाटेवर आडवं तोरण बांधलं आणि तो पुढच्या सत्काराला निघून गेला.

महाराज चैत्रात येणार होते. मग वैशाखात येतो म्हणाले. मग म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. पूल बिचारा नव्या नवरीसारखा नटून उभा, आणि लोक त्याच्या शेजारून गुडघाभर पाण्यातून जाताहेत! पण हे कारभाऱ्याला सांगणार कोण? ज्याला त्याला त्याच्या गळ्यात हार घालायची घाई.

भाद्रपद सरत आला आणि निरोप आला, उद्या महाराज येताहेत. दुसऱ्या दिवशी कारभारी नदीवर पोचला. डोंगरात पाऊस झाला होता, नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. पुलावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सुबक रांगोळी. कारभारी खूश झाला. तेवढ्यात त्याला पुलाच्या बाजूनं पाण्यात उतरणारी पायवाट दिसली, चांगली मळलेली.

"ही वाट कसली रे?" त्यानं पहारेकऱ्याला विचारलं.

"लोकांची, साहेब. उतारानं जातात येतात."

"पूल असताना?"

पहारेकरी गोंधळला. "आपलाच हुकूम आहे ना, साहेब."

कारभारी त्या वाटेनं दोन पावलं खाली उतरला.

इतक्यात गर्दीत गलका झाला. सरूआत्या, गावची सुईण, पदर खोचून लोकांना बाजूला सारत येत होती. "सोडा मला! पलीकडे कुंभाराची सून अडलीय. तो बघा तिचा नवरा, ओरडून ओरडून घसा बसला त्याचा. पाण्यातून जाता येत नाही आज."

चिटणीस आडवा आला. "आत्याबाई, जरा धीर धरा. नगारे ऐकू येताहेत ना? महाराज टेकडीशी आलेत. त्यांचा पाय पडला की खुशाल जा."

"अरे मुडद्या, मूल काय महाराजांना विचारून येतं होय?" आत्या कडाडली. मग तिची नजर कारभाऱ्यावर गेली आणि आवाज एकदम उतरला. "दगडू, तुझी आईसुद्धा अशीच अडली होती रे. तेव्हा मी पोहून गेले होते. आता नाही जमत मला."

नगारे जवळ येत होते. कारभाऱ्यानं टेकडीकडे पाहिलं. इतके महिने ज्याची आस धरली ते दिवाणपद तिथं धुळीत चालून येत होतं. त्यानं पलीकडे पाहिलं. कुंभाराचा पोरगा आता ओरडतही नव्हता, नुसता हात जोडून उभा होता. कारभाऱ्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं पुढं होऊन तोरण तोडलं, जोडे काढले आणि हात पुढे केला. "चल आत्या, हात धर."

दोघं रांगोळी तुडवत, चिखलाचे पाय उमटवत पलीकडे गेली. आत्या कुंभारवाड्याकडे पळाली आणि कारभारी एकटा परत आला.

चिटणिसानं तोवर घागरी मागवल्या होत्या. "धुऊन काढतो, साहेब. नवी रांगोळी घालतो. आपण बोललो नाही तर महाराजांना कळतंय कशाला?"

पूल धुऊन झाला, रांगोळी घालून झाली आणि महाराजांची पालखी टेकली. "काय कारभारी, पूल कोरा आहे ना?"

चिटणिसानं डोळ्यांनी खूण केली. नुसती मान हलवायची होती. पण कारभाऱ्याला समोर ती मळलेली पायवाट दिसत होती.

"नाही महाराज," तो म्हणाला. "पूल उष्टा आहे. पहिला पाय आमच्या सुईणीचा पडला, दुसरा माझा."

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे सुईण आमच्याहून मोठी?"

"मोठी नव्हे, महाराज. तिला घाई होती."

पालखी आली तशी माघारी फिरली. चिटणीस पालखीमागे पळाला, पाहुणे पांगले, आणलेले हार टोपल्यांतच राहिले. कारभारी पुलाच्या कठड्याशी मटकन बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाटलं. उगाच नाही कशाला म्हणा.

दिवस कलताना सरूआत्या पुलावरून परत आली. "मुलगी झाली रे! दोघी सुखरूप आहेत. तुझे महाराज कुठायत?"

"गेले. पूल उष्टा झाला म्हणाले."

आत्या त्याच्याशेजारी बसली आणि खो खो हसली. "वेडाच आहेस. ताट उष्टं झालं म्हणजे कुणीतरी जेवलं, दगडू! घासूनपुसून मांडून ठेवलेल्या ताटानं कुणाचं पोट भरलंय?"

कारभारीही हसला, डोळे पुसता पुसता हसला.

दिवाण तो कधीच झाला नाही. पण केस पिकेपर्यंत लोकांनी चावडीवर त्याच्यासाठी हात वर केले, आणि पलीकडच्या काठाचे लोक त्यासाठी पुलावरून चालत आले. पुढं प्रांतात जे जे बांधलं, त्याचं त्यानं आधी कुलूप काढलं, हारांचं नंतर पाहिलं. पुलाच्या तोंडाशी राजाच्या नावासाठी बसवलेला दगड कोराच राहिला, आणि शेजारच्या पायवाटेवर गवत उगवलं.

तात्पर्य काय, तर लोकांसाठी केलेलं काम लोकांनी वापरलं की पावलं. मानासाठी अडवून ठेवलेलं काम पुरं होऊनही अपुरंच राहतं.