पाखरीची रेघ

पाव्हणं, त्या पांढऱ्या दगडांवर पाय देऊ नका. ती रेघ ओलांडायचीच असेल, तर पायताण काढून ओलांडा. वडखुटीच्या या माळावर दरसाल चैत्रात घोड्यांची जत्रा भरते, पण पळत एकही घोडं नाही. पळतात मालक. पोट सुटलेले, धोतर सावरत, धापा टाकत. हसा खुशाल, पण आधी हौसाईचं ऐका.

हौसाई ही रंगराव इनामदारांच्या पागेतली बाई. नवरा घोड्यांची चाकरी करायचा, तो वारल्यावर ती चाकरी हिच्याकडे आली. पाखरी नावाची घोडी तिनं शेळीच्या दुधावर जगवली, असं सांगतात. दुसऱ्याच्या हातचं गवतसुद्धा पाखरी हुंगत नसे. आणि पळायची कशी म्हणता! लगाम सैल सोडला की अशी सुसाट सुटायची की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. हौसाईलाही त्याचा माज होता, खोटं कशाला बोला? दर शर्यतीला रेघेपाशी उभी राहून सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडायची.

एका साली जत्रेच्या आदल्या दिवशी पाखरीचा पुढचा उजवा पाय सुजला. हौसाईनं इनामदारांपुढे पदर पसरला.

"सरकार, यंदा ऱ्हाऊ द्या. पाय मोडंल तिचा."

इनामदारांनी तर मिशीवर ताव देत पंचक्रोशीत सांगून ठेवलेलं, की यंदाही मानाचा फेटा आपलाच. ते गोड हसले. "बरं, राहू दे. हा औषधाचा गूळ तेवढा सकाळी चार तिला. सूज उतरेल."

सकाळी हौसाईनं तळहातावर गूळ धरला. पाखरीनं हात चाटूनपुसून खाल्ला. घटकाभरात घोडी लंगडायची थांबली, तशी इनामदारांच्या माणसांनी तिच्यावर खोगीर चढवलं. हौसाई आडवी पडली, तिला ओढून बाजूला केलं.

निम्म्या माळापर्यंत पाखरी सगळ्यांच्या पुढे. मग हाड मोडल्याचा आवाज आला. तरी वर चाबूक चालूच! तीन पायांवर ती रेघेपर्यंत आली आणि तिथंच कोसळली. तेव्हा माणसांनी काय केलं असेल? पाणी आणलं? छे! भांडत बसली मेली. नाक रेघेच्या पलीकडे गेलं की अलीकडे राहिलं? एकानं तर तिच्या नाकापाशी काठी आडवी धरून बघितली. घोडी तडफडतेय आणि ह्यांची मापं चाललीत! आज सांगतानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

हौसाईच्या मांडीवर पाखरीनं जीव सोडला. तेव्हा तिच्यावर बसलेला स्वार रडत म्हणाला, "हौसाई, गुळात अफू व्हती. पाय दुखतोय त्ये तिला कळलंच न्हाई."

हौसाईनं आपल्या तळहाताकडे बघितलं. मग ती उठली.

"माझ्या हातानं चारलंत तिला? नाव तुमचं, फेटा तुमचा, आन पाय तिचं? हितनं म्होरं मालक पळाल्याबिगर घोडं ही रेघ वलांडायचं न्हाई!"

लोक हसले. पुढल्या साली ते हसू जिरलं. म्हणतात, सतरा घोडी सुटली आणि सतराच्या सतरा या रेघेपाशी येऊन खिळली. चाबकांच्या वाद्या तुटल्या, घोडी हलेनात. रेघेवर हौसाई उभी होती. तिनं गुळाचा खडा रंगरावांपुढे धरला.

"खावा सरकार. आन पळा."

"यात काय आहे?"

"पाखरीनं इचारलं व्हतं?"

इनामदारांनी घाम पुसला, गूळ खाल्ला, जोडे काढले आणि पार त्या टोकापासून पळत आले. दोनदा पडले, गुडघे फुटले. त्यांनी रेघ ओलांडली, तेव्हा कुठे घोडी सावकाश चालत पलीकडे गेली.

आजही गावातली सगळ्यात वयस्कर बाई जत्रेत प्रत्येक मालकापुढे गूळ धरते. त्यात काय आहे, हे विचारायचं नाही. विचारलं, तर आपलं घोडं घेऊन चालू लागायचं. गेल्या साली शहरातले एक बडे शर्यतवाले गुळाकडे बघूनच घामाघूम झाले, विचारून बसले, आणि आल्या पावली परत गेले.

नुसता गूळ असतो हो तो. पण ते आम्ही का सांगावं त्यांना?