चार भोकांची शिवण

एका राज्यात धवलकीर्ती नावाचा राजा होता आणि त्याच्या सभेत प्रधानाखेरीज चाळीस माणसे होती. एके दिवशी सभा भरलेली असताना मेघदत्त नावाचा जादूगार दारात येऊन उभा राहिला. समुद्रापलीकडे जपानची बेटे आहेत. तिथे तो बारा वर्षे राहिला होता आणि तिथल्या कारागिरांकडून पुस्तक शिवायला शिकून आला होता.

त्याने राजापुढे एक पुस्तक ठेवले.

"महाराज, चाळीस पानं आहेत. सगळ्यांवर आपली स्तुती लिहिली आहे. सभेत लेखकाची जागा द्यावी."

राजाने पुस्तक उघडले. तसले पुस्तक त्या राज्यात कुणी पाहिले नव्हते. प्रत्येक पान मधोमध दुमडलेले होते. घडी बाहेरच्या बाजूला, मोकळ्या कडा पाठीकडे. पाठीलगत चार भोके, आणि त्यांतून एकच लाल रेशमी दोरा फिरवून शिवलेला. घडीच्या आतली बाजू कोरी होती.

प्रधान वाकून म्हणाला, "अहो जादूगार, पानं कापायची विसरलात की काय?"

"आणि आत काहीच नाही," राजा म्हणाला. "अर्धा कागद वाया!"

राजा हसला. सभा हसली. दाराशी हैबती चोपदार उभा होता. त्याला पुस्तक दिसतसुद्धा नव्हते. सगळे हसले म्हणून तोही हसला.

मेघदत्त म्हणाला, "कोरं आहे ते भरून देतो."

त्याने टाळी वाजवली. चाळीस माणसे चाळीस घड्यांत गेली. राजा आणि प्रधान यांना त्याने बाहेर ठेवले, बघायला. मग पुस्तक दगडी चौरंगावर ठेवले, त्यावर एक टिटवी बसवली आणि तो निघून गेला.

टिटवी बोलू लागली.

"तीन कामं आहेत. एक, दोऱ्याची गाठ शोधा. दोन, दोरा न तोडता काढा. तीन, त्याच दोऱ्याने, त्याच भोकांतून पुस्तक पुन्हा आतून कोरं शिवा. दहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. नाही जमलं तर आतल्यांची शाई होईल. आणि जो दोरा सोडवील पण शिवणार नाही, त्याला दोराच शिवून घेईल."

प्रधानाला धीर धरवला नाही. त्याने चाकू घेतला आणि एका घडीला लावला. आत राजाची बहीण हेमांगी होती. चाकू बोटभर गेला तोच किंकाळी आली आणि कागदातून रक्त आले. त्या दिवसापासून सभेत चाकू आणायला बंदी झाली.

मग एक मांत्रिक आला. त्याने गाठ शोधायला एका भोकात सुई घातली. भोक चुकीचे होते. मांत्रिक सुईसकट आत गेला आणि फडणिसाच्या पानात दाटीवाटीने बसला. त्यानंतर कुणी आले नाही.

हैबतीच्या बायकोचे नाव भिवरा. ती जिनगरीण होती, घोड्यांची जिने शिवायची. सकाळी आतल्यांच्या घरच्यांना पुस्तकाजवळ येऊ देत. भिवराने सतरावे पान उचलले. दुमडलेले पान वरून उघडे असते, पिशवीसारखे. तिने त्यात तोंड घालून हाक मारली.

"अहो, ऐकताय ना?"

"भिवरा?" आतून बारीक आवाज आला. "इथं फार कोरं आहे गं."

"वरून उघडं आहे. बाहेर या की."

"चपटा झालोय. वाकता येत नाही. आणि बाहेरची अक्षरं आत झिरपायला लागलीत. पावलांवर चढली आहेत."

"काय अक्षरं?"

"महाराजांच्या पदव्या. उजव्या घोट्यावर 'पृथ्वीपती' आलंय."

"पुसा."

"पुसलं. जात नाही."

भिवरा घरी आली. तिने दाराला कडी लावली आणि जिनांच्या वेष्टनाचा कागद काढला. चाळीस तुकडे केले, दुमडले, घड्या एका बाजूला घेतल्या. कडा ठोकून सारख्या केल्या. आरीने चार भोके पाडली आणि शिवायला बसली. दोरा पाठीवरून कसा वळतो, कोपऱ्यावरून कसा उतरतो, हे ती सकाळी डोळ्यांत भरून आणी आणि दिवसभर हातांनी शोधी. पहिले पुस्तक सैल झाले. दुसऱ्यात एका भोकाशी दोरा दोनदा गेला. पाचवे पालथे केले तर मागून भलतेच दिसले.

रोज सकाळी ती पान उचली. अक्षरे तिसऱ्या दिवशी गुडघ्यावर होती, सहाव्या दिवशी कमरेवर.

"आता छातीवर 'प्रजापालक' चढलंय," हैबती आठव्या दिवशी म्हणाला. "दारात रोज ओरडून सांगायचो. एवढं लांबलचक असेल असं वाटलं नव्हतं."

"बोलू नका. श्वास राखा."

नवव्या दिवशी तिचे बारावे पुस्तक पुढून मागून मेघदत्ताच्या पुस्तकासारखे झाले. तेव्हा तिला कळले की दोरा जिथून निघतो तिथेच परत येतो, आणि गाठ मारून तिचे टोक भोकातच दडवतात. म्हणजे चारपैकी एक भोक गच्च असणार.

दहाव्या दिवशी सकाळी ती राजापुढे उभी राहिली.

"तू कोण?" राजाने विचारले.

"भिवरा. जिनं शिवते."

प्रधान म्हणाला, "बाई, हे खोगीर नाही."

"दिसतंय मला. खोगिरात माणसं जात नाहीत."

राजाने मान डोलावली. भिवरा चौरंगाशी बसली. टिटवीने मान वाकडी केली.

"ये गं जिनगरणी. नवऱ्याच्या शेजारी जागा आहे. सुई आणलीस?"

"पाय वर करून झोपतेस ती तूच ना? आभाळ पडू नये म्हणून?"

"मीच."

"मग आभाळ सांभाळ. मला माझं काम करू दे."

तिने चारही भोकांवर अंगठा फिरवला. चारही सारखीच लागली. मेघदत्ताचा हात फार सफाईचा होता. तिने कनवटीला लावलेला घोड्याच्या शेपटीचा एक केस काढला.

"ते काय?" टिटवीने विचारले.

"केस. चुकीच्या भोकात सुई घातली की आत जावं लागतं. केसाचं काही सांगितलं होतंस का?"

टिटवीने चोच आपटली.

केस पहिल्या भोकात दोऱ्याच्या कडेने सरकला आणि खालून निघाला. तिसऱ्यातून निघाला. चौथ्यातूनही निघाला. दुसऱ्या भोकात अर्ध्यावर अडला. भिवराने आता सुई घेतली आणि दुसऱ्या भोकात घातली. राजा आणि प्रधान डोळे मिटून बसले. भिवरा जागच्या जागी राहिली.

पहिले काम झाले. खांबावरचे ऊन तोवर हातभर खाली आले होते.

गाठ भाताच्या खळीने चिकटवलेली होती. सुईच्या टोकाने तिने ती कणाकणाने मोकळी केली. दुपार झाली. गाठ सुटली तेव्हा दोऱ्याचे टोक पिंजून गेले होते, बोटभर लांबीचा नुसता कापूस. दोरा तुटला नव्हता, पण तेवढा निकामी झाला होता. तिने ते पाहिले आणि कुणाला सांगितले नाही.

"ओढ की," टिटवी म्हणाली. "एका हिसक्यात निघेल. तुझा नवरा गळ्यापर्यंत भरला."

भिवराने हिसका दिला नाही. ओढलेला रेशमी दोरा कागद कापतो, आणि या कागदात माणसे होती. ज्या वाटेने दोरा गेला त्याच वाटेने तिने तो उलटा आणला. पाठीवरून काढला, कोपऱ्यावरून काढला, भोकातून काढला. शेवटचे भोक मोकळे झाले. लाल दोरा तिच्या मांडीवर पडला.

पुस्तक उघडले नाही.

पाने एकमेकांना घट्ट धरून होती. राजा उठून उभा राहिला. "काय झालं?"

भिवराच्या बाराही पुस्तकांत दोरा काढला की पाने सुटी होत. तिने पुस्तक पालथे केले, कान लावला. सतराव्या पानातून अडखळता आवाज आला.

"भिवरा... हनुवटीला लागलं."

प्रधान ओरडला, "कापा! चाकू आणा!"

"खबरदार," राजा म्हणाला. प्रधान बसला.

भिवराने पाठीलगत नख फिरवले. दोऱ्याच्या रेघेच्या आत दोन बारीक उंचवटे लागले. शिवण्याआधी पाने हलू नयेत म्हणून कागदाचेच दोन पीळ करून मेघदत्ताने ते आरपार घातले होते आणि ठोकून चपटे केले होते. दोऱ्याच्या आधीचे हे बांधणे तिला बाहेरून दिसले नव्हते.

"हे सांगितलं नव्हतंस," ती टिटवीला म्हणाली.

"विचारलं नव्हतंस."

भिवराने बोट ओले केले, पिळाचे टोक चिमटीत धरले आणि उलटे वळवले. कागद सैल झाला. एक पीळ निघाला. दुसरा निघाला. पाने सुटली.

तिने वरून सुरुवात केली. पहिले पान उलगडले, न्यायाधीश बाहेर आला. तिसऱ्यातून हेमांगी आली, दंडावर चाकूची जखम घेऊन. नवव्यातून फडणीस आणि मांत्रिक आले, भांडत. भिवराचा हात सतराव्या पानाकडे धावत होता, पण मधले एखादे पान चुरगळले तर कुणाचे तरी हाड मोडले असते. सोळा झाली. सतरावे तिने दोन्ही हातांनी उलगडले.

हैबती उभा राहिला. खालच्या ओठापर्यंत तो काळा होता.

"ऊन किती राहिलंय?" त्याने विचारले.

"बसा बाजूला."

चाळीस पाने उलगडली. मग माणसांच्या अंगावरची अक्षरेही उतरून पानांच्या बाहेरच्या बाजूला परत गेली आणि घडीच्या आतली बाजू कोरी झाली. दुसरे काम झाले. खांबावर आता वीतभरच ऊन उरले होते. लाल दोरा भिवराच्या मांडीवर वळवळू लागला आणि तिच्या मनगटाभोवती एक वेढा पडला.

राजा म्हणाला, "बाई, सिंहासनाला शोभेल असं शिव. कासवाच्या पाठीसारखी नक्षी काढ."

"नक्षीला दुप्पट दोरा लागतो, महाराज. साधीला पुरायचीसुद्धा मारामार आहे. टोक पिंजलंय. बोटभर कमी आहे."

मनगटावर दुसरा वेढा पडला. हैबती पुढे धावला आणि वेढा सोडवू लागला, तसा दोरा आणखी आवळला.

"दुसरा दोरा जोड," प्रधान म्हणाला.

"त्याच दोऱ्याने शिवायचं आहे," टिटवी म्हणाली आणि पंख झाडले.

भिवराने पानांचा गठ्ठा उभा धरला आणि त्याची जाडी बोटांत मोजली. दोरा प्रत्येक भोकाशी या जाडीवरून पुन्हा पुन्हा वळतो. गठ्ठा बारीक झाला की प्रत्येक वळणाला थोडा थोडा दोरा वाचतो.

"पानं काढायची नाहीत असं म्हणालीस का?" तिने विचारले.

टिटवीने पंख मिटले. "नाही म्हणाले."

"महाराज, सात पानं कमी करा. आपली स्तुती आहे, आपणच काढा."

राजाचा चेहरा उतरला. त्याने पाने हातात घेतली. एकावर 'पृथ्वीपती' होते. एकावर 'प्रजापालक'. तो एक पान ठेवी, दुसरे उचली, पुन्हा पहिले उचली. ऊन चार बोटे राहिले. मनगटावर तिसरा वेढा पडला आणि भिवराची बोटे निळी झाली.

"कोणती काढू?"

"कोणतीही काढा. जाडी सारखीच आहे."

राजा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने न वाचता वरची सात पाने उचलून बाजूला ठेवली.

भिवराने तेहतीस पाने दुमडली, घड्या जुळवल्या, कडा ठोकल्या. दोन्ही पीळ पुन्हा वळून आत घातले. काम सुरू झालेले पाहून मनगटावरचे वेढे आपोआप सुटले. तिने दोरा सुईत ओवला आणि दुसऱ्या भोकापासून निघाली. पाठीवरून वेढा, पुढचे भोक. कोपऱ्यावरून वेढा, परत मागे. हात बधिर होता, तरी टाका हलला नाही. हैबती ऊन मोजत होता. "तीन बोटं," तो म्हणाला. "दोन." मग तो मोजायचे सोडून नुसता तिच्या हातांकडे बघू लागला.

दोरा दुसऱ्या भोकाशी परत आला. गाठीपुरता उरला होता, त्याहून सूतभर जास्त नाही. तिने गाठ मारली, टोक सुईने भोकात ढकलले आणि हात काढून घेतले. ऊन खांबावरून गेले.

दारात मेघदत्त उभा होता. तो आत आला, पुस्तक उचलले, पुढून पाहिले, मागून पाहिले, पाठीवर अंगठा फिरवला.

"दोरा सैल नाही," तो म्हणाला.

"नसणारच," भिवरा म्हणाली. "इतका बारीक हात देवाने दिला आणि त्या हाताने माणसं कोंडलीस. लाज वाटू दे."

मेघदत्ताने पुस्तक खाली ठेवले. त्याची सारी विद्या त्या दोऱ्यात होती. दोरा कोऱ्या पुस्तकात शिवला गेला, तशी विद्याही शिवली गेली. उरला तो पुस्तके शिवणारा एक माणूस. टिटवीने त्याच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले आणि उडून गेली.

राजा सिंहासनावरून खाली उतरला. "मेघदत्त, आधी मी हसलो. माझं पाहून बाकीचे हसले. चूक माझी."

"हसण्याला एवढी मोठी शिक्षा मी दिली," मेघदत्त म्हणाला. "ती चूक माझी."

राजाने त्याला देवडीशेजारी एक खोली दिली आणि राज्यातल्या कारागिरांना ही शिवण शिकवायला सांगितले. पहिल्या दिवशी शिकायला भिवरा आली. तिला नक्षी शिकायची होती. त्याने दाखवली. तिने त्याच्या दोन चुका काढल्या आणि त्या खऱ्या होत्या.

राजा गादीवर राहिला, माणसे आपापल्या घरी गेली. सुटायचे ते सुटले, बांधायचे ते बांधले. कथेची गाठ इथे पडली.