गोल पाठ आणि रोखलेला श्वास

डोंगराच्या पायथ्याशी गवताचे एक मोठे रान होते आणि त्या रानात एक घोडी राहत असे. घोडी कसली, चार पाय फुटलेला रांजणच! खाऊनपिऊन तिची पाठ अशी गोल झाली होती की वर बसलेली माशीसुद्धा घसरावी. स्वभावाने मात्र ती मोठी मायाळू. पूर्वी ती एका व्यापाऱ्याकडे होती. तो तिला रानात सोडून गेला, तेव्हा त्याचे जुने खोगीरही तिच्यापाशीच राहिले. रानातल्या कुणी मदत मागितली, तर ती कधी नाही म्हणत नसे.

रानातल्या तळ्यात एक म्हातारे कासव होते. त्या वर्षी ऊन असे तापले की तळ्याचे डबके झाले आणि डबक्याचा चिखल होऊ लागला. खिंडीपलीकडच्या डोहात बारा महिने पाणी असे. पण कासवाच्या चालीने तिथवर पोहोचायचे म्हणजे वाटेतच जीव जायचा. घोडीला हे कळले, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मी असताना काळजी कसली करता? पाठीवरून नेते तुम्हाला." बिचाऱ्या कासवाच्या डोळ्यांत पाणी आले. तळ्यात नव्हते तेवढे.

खोगीर चढवायला रानातले एक माकड आले. त्याने घोडीच्या पोटाला पाय लावला आणि तंग खसकन ओढला. तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावे म्हणून पोटाखालून आवळतात तो पट्टा. आणि मुलांनो, इथेच आपल्या घोडीने लबाडी केली. तिने छाती भरून श्वास घेतला आणि पोट टम्म फुगवून धरले. व्यापारीही असाच खसकन तंग ओढायचा, कातडीला चिमटा बसायचा. तेव्हापासूनची ही तिची युक्ती. माकडाने गाठ मारली की हिने हळूच श्वास सोडला. पट्टा सैल, घोडी खूश.

माकडाने कासवाला वर ठेवले आणि स्वारी निघाली. वाटेवरच्या चिंचेपर्यंत सगळे ठीक होते. पुढे चढ लागला तसे खोगीर कलंडले, कलंडले आणि गर्रकन पोटाखाली गेले. कासव धप्पकन उताणे! आता उताण्या कासवाला भर उन्हात कुणी सरळ केले नाही, तर त्याचे काय होते, हे सांगायला नकोच. माकड धावले म्हणून निभावले.

"तुझी पाठच मुळी अशी!" माकड वैतागून म्हणाले.

"हो ना, पाठच मेली गोल. त्याला मी तरी काय करू?" घोडी चटकन म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडे, म्हणतात ना, तशातली गत. फक्त इथे अंगणही तिचे स्वतःचेच होते.

तिघे चिंचेपाशी मागे आले, तर सावलीत एक कोल्हा लोळत होता. तो पडल्यापडल्या म्हणाला, "खोगिराखाली भरपूर गवत भरा. जेवढं जाड, तेवढं घट्ट." उपदेश करायला त्याचे काय जात होते? माकडाने गवताचे भारे कोंबले. अशी खोगीरभरती झाली की खोगिराचे मचाणच झाले! घोडीने पुन्हा पोट फुगवले, पुन्हा सोडले, आणि या खेपेला तर चढ लागायच्या आधीच कासव खाली आले. चारी पाय आभाळाकडे. कोल्हा केव्हाच पसार झाला होता.

माकडाने सरळ केल्यावर कासवाने मान बाहेर काढली. मग म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. दोष माझाच आहे. माझी ही ढाल गोल, पोट गुळगुळीत. माझ्यामुळंच खोगीर घसरतंय. मी आपला तळ्यात परत जातो. अजून थोडी ओल आहे. पुरेल तितके दिवस पुरेल."

आणि ते खरोखरच चिखलाच्या दिशेने चालू लागले.

घोडीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कासवाने चार शिव्या दिल्या असत्या, तर तिने निमूट ऐकून घेतल्या असत्या. पण जे दोनदा पडले, तेच कासव तिचा दोष आपल्या अंगावर घेऊन मरायला निघाले होते. ती धावत पुढे गेली आणि वाट अडवून उभी राहिली.

"आजोबा, थांबा. तुमचं काही चुकलं नाही आणि माझ्या पाठीचंही नाही. तंग आवळताना मीच पोट फुगवते. मला चिमटा बसू नये म्हणून मी तुम्हाला दोनदा पाडलं."

माकडाने डोके खाजवले. "अगं, मग आधी बोलायचं की! मला वाटलं, माझीच गाठ कच्ची."

"तू खसकन ओढतोस, ते दुखतं रे. पण एवढी मोठी घोडी मी, दुखतं म्हणायची लाज वाटली."

मग माकडाने सगळे गवत काढून टाकले आणि खोगिराखाली साधी घोंगडीची घडी घातली. कातडीला चुणी पडली नाही ना, हे हात फिरवून पाहिले आणि तंग हळूहळू आवळला. घोडीला थोडे चालवून आणले आणि मग पुन्हा जरासा आवळला. सवयीने घोडीचे पोट फुगू लागले होते. पण तिने मान वळवून कासवाकडे पाहिले आणि श्वास सोडून दिला. चिमटा बसलाच नाही.

खिंडीत एक दगड खुराखालून निसटला. घोडी पार एका अंगाला झुकली, कासवाने मान आत ओढून घेतली, माकडाने डोळे मिटले. खोगीर मात्र होते तिथेच होते. ऊन कलता कलता तिघे डोहावर पोहोचले.

कासव पाण्यात उतरले, बुडी मारून वर आले आणि घोडीकडे पाहत राहिले. "पोरी, तुझी पाठ अजून तेवढीच गोल आहे की गं!"

"हो आजोबा," घोडी म्हणाली, "तेवढीच."

माकडाने तंग सोडला. तेव्हा कुठे घोडीने पोट भरून श्वास घेतला. आता तिच्या पाठीवर कुणी नव्हते.

तात्पर्य : जबाबदारी घेताना आपली अडचण लपवू नये, लपवली तर ती भर वाटेत घात करते, आणि पडतो तो आपल्यावर विसंबलेला.